सोयरिकीची पाहुणी

जळगाव स्टेशनवर उतरले तेव्हा एका खांद्याला कपड्यांची पिशवी होती, दुसऱ्या खांद्याला विद्यापीठाकडून सही करून घेतलेला टेपरेकॉर्डर, आणि डोक्यात हवा इतकी की दोन्हीपैकी एकही जड लागत नव्हतं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमच्या पुण्याच्या विद्यापीठात स्त्री-अभ्यास नावाचा विषय नुकताच सुरू झाला होता. त्यासाठी एक खोली, एक कपाट आणि आमच्या मार्गदर्शक बाई एवढाच संसार होता. मला त्या विषयात पीएच.डी. करायची होती. बाईंनी अट घातली होती, "आधी एका गावात जा. घरातली कामं कोण करतं, कोण आधी जेवतं, निर्णय कोण घेतं, हे खरंखुरं विचारून आण. मगच तुझं नाव नोंदवते. नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला." इकडे सांगलीला बाबांनीही आपली अट घातलेली. यंदा नोंदणी झाली नाही तर गुपचूप बी.एड. करायचं. म्हणजे या एका गावावर माझं सगळं गाडं अवलंबून होतं, आणि तरी मी स्टेशनबाहेर केळी खात हसत उभी होते. वय चोवीस असलं की असं होतं.

जळगावात मेहरूणला माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे वडील राहत. त्यांना सगळे नाना म्हणत. तलावाच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं आणि मागच्या अंगणात नाना स्वतः उकिडवे बसून हिरवी पांढुरकी वांगी भाजत होते. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात ती बोजड वांगी, आणि डोळे चोळणारे नाना. मग लाकडी उखळीत ती वांगी मिरची-लसणाबरोबर ठेचली गेली. सोबत कळण्याची (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी आणि कांद्याची पात. मी इतकं जेवले की उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"पुरुष स्वयंपाक करतात तुमच्याकडे!" मी वही काढत म्हटलं.

"फक्त भरीत," नानांची बायको आतून म्हणाली. "आणि वांगी धुणं, लसूण सोलणं, भाकऱ्या थापणं, मागाहून अंगण झाडणं माझ्याकडे. बाकी सगळं तेच करतात."

नाना खो-खो हसले. माझा विषय ऐकून तर त्यांना आणखी हसू आलं. "बायकांचा अभ्यास? अगं, तो मी पस्तीस वर्षं करतोय, अजून पहिल्या इयत्तेतच आहे!" पण माणूस मोठा कामाचा. दोंडाईचाजवळच्या एका गावात त्यांचे लांबचे चुलतभाऊ होते, आबा. नानांनी त्यांना निरोप धाडला की पाटलांची शिकलेली मुलगी पुण्याहून येते आहे, आठ-दहा दिवस राहील, घरोघर जाऊन बायामाणसांशी बोलेल, तिला जपा. त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल.

सुरतेकडे जाणारी पॅसेंजर गाडी धरणगाव, अमळनेर, नरडाणा करत रमतगमत चालली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. समोर पेरूची पाटी घेऊन एक बाई बसली होती.

"कोठे चालनी व माय?" तिने विचारलं.

"दोंडाईचाला."

"एकलीच? लगीन नही झायं?"

"नाही."

"व्हई जाई, व्हई जाई (होऊन जाईल)," तिने मला धीर दिला आणि एक पेरू हातात ठेवला. मला धीराची गरज नव्हती, पण पेरू छान होता.

दोंडाईचाला पाय ठेवला आणि मी शिंकायला लागले. गाव मिरचीच्या व्यापाराचं. स्टेशनापलीकडे मोकळ्या जागेत लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि वारा नेमका माझ्याकडे. शिंक, की शिंक, की शिंक. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि अशा अवस्थेत पांढऱ्या टोपीतला एक उंच म्हातारा माणूस हात जोडून समोर आला. तेच आबा.

"रडू नको बेटा," ते घाईघाईने म्हणाले. "आठे बठ्ठास्ना असंच व्हस (इथे सगळ्यांचं असंच होतं)."

बैलगाडीत गादी घातली होती. गादीवर नवी चादर. मी मनात म्हटलं, काय हे खानदेशी आदरातिथ्य! वाटेत आबांनी किती एकर कोरडवाहू, किती बागायत, विहिरीला पाणी किती, सगळं आपणहून सांगितलं. मी न विचारता माहिती मिळत होती. माझा आनंद गगनात मावेना.

घरात मोठी माणसं चार. आबा, त्यांची बायको अक्का, बुटकी, बारीक, कमी बोलणारी, थोरल्या मुलाची बायको सुशीला, माझ्याच वयाची पण दोन लेकरांची आई, आणि धाकटा मुलगा प्रकाश, जो बी.एस्सी. होऊन दोंडाईचाच्या शाळेत शिकवत होता. थोरला मुलगा कामासाठी सुरतेला असे. मी पाय धुऊन बसते न बसते तोच ताट आलं. शेवेची झणझणीत भाजी, बिबडे (ज्वारीचे पापड), खापरावरची पुरणपोळी. साधा दिवस आणि पुरणपोळी! आणि सगळ्यात नवल म्हणजे माझ्या शेजारी अक्का आणि सुशीला यांचीही ताटं मांडलेली होती. आबा आणि प्रकाश बाजूला उभे.

"तुम्ही नाही बसत?" मी विचारलं.

"आमना घरमा बाया पहिले जेवतस," आबा ताठ मानेने म्हणाले. "मंग मानसं (पुरुष)."

मी सुशीलेकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला होता. मला वाटलं, लाजते आहे.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रश्नावली घेऊन पाटीलगल्लीत फिरू लागले. सकाळी आधी कोण उठतं? पाणी कोण भरतं? सासू-सुनेत भांडणं होतात का? सुनेला माहेरी कधी पाठवतात? शेत कोणाच्या नावावर आहे? आणि काय सांगू तुम्हाला, उत्तरं ऐकून मी वेडी व्हायची बाकी राहिले. त्या गल्लीत पाणी पुरुष भरत. जळण पुरुष आणत. सुना सात वाजेपर्यंत झोपत. सासवा त्यांचे केस विंचरत. एका घरी तर सासू छातीवर हात ठेवून म्हणाली, "मना पोऱ्या तं भाकरीबी थापस!" आणि तिच्यामागे उभा असलेला तो आडदांड पोरगा पिठाने माखलेले हात पुढे करून दाखवू लागला.

प्रत्येक घरात चहा, प्रत्येक घरात पोहे, आणि प्रत्येक घरात कुठला ना कुठला बिनलग्नाचा मुलगा आंघोळ करून, भांग पाडून दारात उभा. एवढं कळूनही मला काही कळलं नाही. पुस्तकं फार वाचली की समोरचं दिसेनासं होतं. मी रात्री टेप उलटी करून ऐकायची आणि आनंदाने उशीला मिठी मारायची. महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यात स्त्रियांचं राज्य सापडलं होतं आणि ते मला सापडलं होतं!

फुगा फुटला तो बौद्धवाड्यात. तिथे शेवंताबाई नावाची बाई दारात तूर पाखडत बसली होती. सूप खाली न ठेवता तिने माझे प्रश्न ऐकून घेतले.

"पानी कोन भरी? मीच भरस. उठस मीच, जेवस सर्वास्ना मागे. मना धनी पारवर बठस (पारावर बसतो)."

"पण पाटीलगल्लीत तर पुरुष भरतात," मी म्हटलं.

शेवंताबाईने सूप ठेवलं आणि ती हसायला लागली. शेजारणीला हाक मारली, तीही हसायला लागली. दोघी हसून हसून जमिनीवर टेकल्या तेव्हा कुठे मला उत्तर मिळालं. "ताई, तुमी आबाना घर सोयरीकले उनात (आलात) ना? तुमले तठे कोन खरं सांगी? तुमी काय आमना घर येनार नही शेतस, मंग आमी कसाले (कशाला) खोटं बोलूत?"

तुळशीचं लग्न नुकतंच झालं होतं. गावोगाव मुलींकडची माणसं मुलाचं घर पाहायला निघण्याचे ते दिवस. घर पाहायला येणारा माणूस नेमकं काय विचारतो? आधी कोण उठतं, पाणी कोण भरतं, सासू कशी आहे, शेत कोणाच्या नावावर. माझी प्रश्नावली आणि त्याचे प्रश्न यांत काडीचा फरक नव्हता. त्यात मी नानांच्या ओळखीने आलेली, आडनाव पाटील, बिनलग्नाची, शिकलेली. पुण्याच्या मुली आताशा स्वतःच घर पाहायला येतात, अशी गावाने आपली समजूत करून घेतली होती. आणि आबांच्या घरी नाही जमलं तर आपल्याकडे जमेल, म्हणून सगळी गल्ली भाकऱ्या थापत होती.

मी तिथेच दगडावर बसले. आधी हसू आलं, मग खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरकडे लक्ष गेलं. टेपभर खोटं घेऊन मी बाईंसमोर कशी उभी राहणार? बी.एड.चं कॉलेज मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. पण आणखी एक गोष्ट मनात खुपली. जात मध्ये असल्यामुळे तेवढ्या एका वस्तीत मला खरं ऐकायला मिळालं होतं. हेही लिहून घ्यायला हवं होतं.

तडक घरी गेले. ठरवलं, आबांना सांगून टाकायचं. परसदारात सुशीला भेटली. मी तिला सगळं सांगितलं, तर तिने माझा हात धरून मला गोठ्यात ओढलं.

"ताई, तुमना पाय पडस, सांगू नका! भाऊजी पानी भरी ऱ्हायनात (भरताहेत), मनी मान दुखनी बंद झायी. आजून आठ दिन ऱ्हा."

"अगं, पण माझं काम? मला खरं हवंय."

"खरं मी देस (देते)," ती म्हणाली. "उद्या वावरमा या."

संध्याकाळी प्रकाशने गाठलं. तो चांगलं पुस्तकी मराठी बोले. "ताई," तो मान खाली घालून म्हणाला, "तुम्ही सोयरिकीला आलेल्या नाहीत हे मला केव्हाच कळलं. कृपा करून आबांना सांगू नका. धुळ्याला माझ्याबरोबर शिकलेली एक मुलगी आहे. अजून घरी विषय काढायचा आहे. तुम्ही इथे आहात तोवर बाकीची स्थळं थांबली आहेत."

म्हणजे एकाला स्थळं थांबवायची होती, एकीला मान सोडवायची होती, आणि मला प्रबंध लिहायचा होता. आबा बिचारे तेवढे शुद्ध मनाने आपलं ताट स्वतः उचलून मोरीवर नेत होते. धर्मसंकट की काय म्हणतात ते हेच, फक्त त्यात इतकं हसू येतं हे कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कपाशीच्या वावरात (शेतात) गेले. पाटीलगल्लीतल्या सगळ्या सुना वेचणीला आल्या होत्या. कमरेला ओटी बांधलेल्या, बोटं झरझर चाललेली. त्यांनी मलाही ओटी बांधली. बोंडाच्या वाळक्या टोकांनी माझी बोटं पार ओरबाडून निघाली आणि मी वेचला तो कापूस पाहून सगळ्या हसल्या. मग एकेकीने सांगायला सुरुवात केली. पहाटे कितीदा विहिरीच्या खेपा, कोणाचा गर्भ पाचव्या महिन्यात हंड्याखाली पडला, कोणाच्या ताटात रोज खरवडच येते. सांगता सांगता हसायच्या, हसता हसता गप्प व्हायच्या.

"गल्लीत सगळे इतकं धडधडीत खोटं कसं सांगतात?" मी विचारलं.

सुशीला वेचता वेचता थांबली. "मना बाप घर देखाले उना, तव्हय त्यालेबी हाईच सांगं (आला तेव्हा त्यालाही हेच सांगितलं). पानी पोऱ्या भरस, वहू (सून) पहिले जेवस. बठ्ठं हाईच. त्याले किती आनंद झाया व्हता!"

बाकीच्यांची बोटं पुन्हा बोंडांकडे वळली. मला पहिल्यांदा त्या गावात रडू आलं. आणि त्याच वेळी डोक्यात लख्ख उजेड पडला. मी घरातल्या कामाचा भार कोण उचलतं, हे शोधायला आले होते. इथे तर आख्ख्या गल्लीला, म्हाताऱ्यांना, पोरांना, सासवांना, बाईला काय मिळालं म्हणजे ती सुखी होईल याची उत्तरं तोंडपाठ होती. एकही उत्तर कोणाचं चुकलं नव्हतं. हाच माझा प्रबंध!

मग मी राहिले. सगळ्यांच्या विनंतीला मान देऊन राहिले, असं म्हणते आहे; खरं तर मला मजा येत होती. सकाळी विहिरीवर पोरांची ही गर्दी. कोणी हंडा खांद्यावर घेई, कोणी पोटाशी धरी, निम्मं पाणी वाटेत. एकाने बायकांसारखी चुंबळ डोक्यावर ठेवून पाहिली आणि हंड्यासकट वाटेतल्या ओढ्यात बसला. दोन-तीन दिवसांतच पोरं कंटाळली. त्यांनी एक मोठा लोखंडी ड्रम शोधला, बैलगाडीवर चढवला आणि एका खेपेत गल्लीचं पाणी आणलं. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. बैल तेच होते, गाडी तीच होती, ओढाही होता तिथेच होता. पिढ्यान्‌पिढ्या हंडे डोक्यावरून चालले होते तेव्हा कोणाला ही गाडी सुचली नव्हती. पुरुषांच्या माना दुखल्या आणि लगेच सुचली. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

अक्का मात्र या सगळ्यात गप्प. ती जेवायला बसे ती सावकाश, एकेक घास चावत. आबा वाढत. तव्यावरची भाकरी ती बोटांनी मोडे, वाफ निघून जाईपर्यंत पाहत राही आणि मग खाई.

निघायचा दिवस आला. आबांनी टोपलीभर मिरच्या बांधून दिल्या आणि "घरी विचारीसन कळव बेटा" असं म्हणाले. माझी मान वर होईना. फाट्यापर्यंत सोबत अक्का आली. एस.टी.ची वाट पाहत आम्ही निंबाखाली बसलो. मला राहवेना.

"अक्का, मी सोयरिकीसाठी आले नव्हते."

"म्हाईत शे," अक्का म्हणाली. "पहिला दिनथीन म्हाईत शे."

मी मिरच्यांची टोपली मांडीवरून खाली ठेवली.

"सोयरीकले येस तो पोऱ्याले देखस. तू पोऱ्याकडे देखंच नही. तू बठ्ठा टाईम मालेच देखी ऱ्हायंती (माझ्याकडेच बघत होतीस)."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"कसाले सांगू?" अक्काने पदराने तोंड पुसलं. हसली की काय, नीट दिसलं नाही. "मनं लगीन झायं तव्हयपासून आबानी ताट उचलेल मी आत्तेच देखं. धल्लाले (म्हाताऱ्याला) मी सांगसू. पन सवडमा."

गाडी आली. मी वाकून नमस्कार केला. अक्काने दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळलं आणि मी पायरीवर चढल्यावर खालून म्हणाली, "परत येजो बाई. पन लगीन करीसन येऊ नको. मंग पानी कोन भरी?"

कंडक्टरने घंटी मारली. मी धुळ्यापर्यंत हसत गेले, आणि शेजारचा माणूस दोनदा जागा बदलून बसला.

पुण्यात बाईंनी सगळं ऐकलं. चष्मा काढून हसल्या, मग तो पुन्हा घालून नोंदणीच्या अर्जावर सही केली. विषयाचं नाव बदललं होतं: घर पाहायला आलेल्यांना जे सांगितलं जातं त्याचा अभ्यास. मी उड्या मारत सांगलीची गाडी पकडली.

घरी रात्री जेवणं झाल्यावर मी सगळी हकिगत रंगवून सांगितली. पिठाचे हात, ओढ्यात बसलेला पोरगा, ड्रमची गाडी. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "पाणी आण गं," ते आईला म्हणाले. आई उठली, तांब्या भरून आणला, त्यांच्यापुढे ठेवला आणि पुन्हा आपल्या ताटाशी बसली. बाकी सगळ्यांची ताटं केव्हाच घासायला गेली होती, तिचं अजून अर्धं होतं.

गार भाकरीचा तुकडा मोडत तिने मला विचारलं, "अशी पाहुणी आपल्याकडे कधी येईल गं?"